धारणा-पुनरीक्षण (कृत्रिम बुद्धिमत्ता)

धारणा-पुनरीक्षण म्हणजे एखाद्या बुद्धिमान प्रणालीने पूर्वी ग्राह्य मानलेल्या विधानांमध्ये नव्या माहितीच्या आधारे बदल करण्याची प्रक्रिया होय. तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या तीन शाखांच्या सीमेवर हा विषय येतो. स्वतः निर्णय घेऊन कृती करणाऱ्या संगणकीय प्रणालीला एजंट म्हणतात. अशा एजंटाला पूर्ण माहितीची वाट पाहत थांबता येत नाही. काही गोष्टी तात्पुरत्या खऱ्या मानूनच त्याला पुढे जावे लागते. त्यामुळे कोणती धारणा कशाच्या आधारावर स्वीकारली, विरुद्ध पुरावा आल्यावर कोणती सोडावयाची, आणि सोडलेल्या धारणेवर उभ्या असलेल्या इतर निष्कर्षांचे काय करावयाचे, हे प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतात. १९७० च्या दशकापासून या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. भाषा-प्रतिमानांवर आधारित एजंट प्रचारात आल्यापासून त्यांना नव्याने महत्त्व प्राप्त झाले आहे.

संज्ञा

या लेखात 'धारणा' हा शब्द 'प्रणालीने सध्या खरे मानलेले विधान' एवढ्याच मर्यादित अर्थाने वापरला आहे. त्यात भावना, निष्ठा किंवा श्रद्धा अभिप्रेत नाही. धारणा आणि ज्ञान यांतही भेद आहे: ज्ञान खोटे असू शकत नाही, धारणा असू शकते. ज्या विधानातून निष्कर्ष काढले जातात, पण ज्याला स्वतःला पुराव्याचा पुरेसा आधार नसतो, त्याला गृहीतक म्हणतात.

भारतीय परंपरेला ही चर्चा अपरिचित नाही. न्यायदर्शनातील सोळा पदार्थांत 'संशय' आणि 'निर्णय' या दोहोंना स्वतंत्र स्थान आहे. शिंपल्याला चांदी समजणे आणि नंतरच्या ज्ञानाने ती समजूत रद्द होणे, या क्रियेसाठी दर्शनग्रंथांत 'बाध' ही संज्ञा येते. आधुनिक सिद्धान्त या परंपरेतून निघालेला नाही. परंतु मराठीत या विषयावर लिहिताना 'बाधित' हा शब्द आयता हाताशी असणे सोयीचे ठरते.

पार्श्वभूमी

पारंपरिक तर्कशास्त्रात आधारविधाने वाढली की निष्कर्ष वाढतात. आधी सिद्ध झालेला निष्कर्ष नव्या आधारविधानामुळे कधीही मागे घ्यावा लागत नाही. भूमितीसाठी हे योग्यच आहे, पण व्यवहारात तसे घडत नाही. अमुक एक पक्षी आहे एवढे कळल्यावर तो उडत असेल असे आपण मानतो. तो पेंग्विन आहे असे कळताच तो निष्कर्ष सोडून देतो. माहितीत भर पडली आणि निष्कर्ष मात्र कमी झाला. अशा माघार घेऊ शकणाऱ्या तर्काला नॉनमोनोटॉनिक तर्क म्हणतात. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या संशोधनपत्रिकेच्या १९८० मधील विशेषांकात जॉन मॅकार्थी, रेमंड रायटर, तसेच ड्रू मॅकडरमॉट व जॉन डॉइल यांनी या तर्काच्या तीन वेगवेगळ्या मांडण्या केल्या. पुढील बराचसा अभ्यास त्यांवर आधारलेला आहे.

समर्थनांची नोंद

तार्किक मांडणीच्या थोडे आधी व्यावहारिक उपाय सापडला होता, ही या विषयाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रिचर्ड स्टॉलमन आणि जेराल्ड ससमन हे विद्युत मंडलांचे विश्लेषण करणारा संगणकीय कार्यक्रम विकसित करीत होते. मंडलातील प्रत्येक ट्रान्झिस्टर कोणत्या अवस्थेत आहे याविषयी कार्यक्रमाला अंदाज करावा लागे, आणि अंदाज चुकला की मागे फिरावे लागे. केवळ शेवटचा अंदाज बदलून पाहण्याऐवजी, ज्या अंदाजामुळे विसंगती निर्माण झाली नेमका तोच शोधून बदलावयाचा, ही पद्धत त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी प्रत्येक निष्कर्षासोबत तो कशावरून काढला याची नोंद ठेवणे आवश्यक होते. जॉन डॉइल यांनी १९७९ मध्ये या कल्पनेला स्वतंत्र प्रणालीचे रूप दिले. ती सत्य-परिरक्षण प्रणाली या नावाने ओळखली जाते. नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण ही प्रणाली सत्याचे नव्हे तर कारणांचे जतन करते. पुढे स्वतः डॉइल यांनीही 'कारण-परिरक्षण' ही संज्ञा वापरली.

तिची रचना एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका तालुक्यातील टपालाचे नियोजन करणाऱ्या एजंटाकडे पुढील साखळी आहे: नदीला पूर आल्याचे वृत्त नाही, म्हणून पूल खुला आहे, पूल खुला आहे, म्हणून एसटी वेळेवर सुटेल, एसटी वेळेवर सुटेल, म्हणून टपाल आज पोचेल. प्रत्येक विधानावर 'ग्राह्य' किंवा 'अग्राह्य' अशी खूण असते आणि त्याला समर्थन जोडलेले असते. समर्थनाचे दोन भाग असतात. पहिल्या भागातील सर्व विधाने ग्राह्य असावी लागतात. दुसऱ्या भागातील सर्व विधाने अग्राह्य असावी लागतात. 'पूल खुला आहे' या विधानाचे समर्थन दुसऱ्या प्रकारचे आहे, कारण ते 'पूर आला आहे' हे विधान ग्राह्य नसण्यावर अवलंबून आहे. पुराचे वृत्त येताच पूल, एसटी आणि टपाल या तिन्ही विधानांची खूण क्रमाने बदलते. ती पुसली मात्र जात नाहीत. पाणी ओसरल्याचे कळल्यावर जुनी समर्थने पुन्हा लागू होतात आणि सारी साखळी नव्याने तर्क न करता पूर्ववत होते. एखादी धारणा विसरणे आणि ती बाजूला ठेवणे यांतील फरक या रचनेत प्रथमच इतका स्पष्ट झाला.

डॉइल यांच्या प्रणालीत एका वेळी एकच सुसंगत चित्र धरून चालावे लागे. योहान द क्लीर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक निष्कर्षासोबत, तो कोणकोणत्या गृहीतकांच्या संचांखाली खरा ठरतो याची यादी ठेवली जाते. त्यामुळे अनेक पर्यायी चित्रे एकाच वेळी विचारात घेता येतात, आणि परस्परविरोधी ठरलेले संच 'निषिद्ध' म्हणून नोंदवून पुन्हा तपासावे लागत नाहीत. यंत्रातील बिघाडाचे निदान करताना ही पद्धत विशेष उपयोगी पडली, कारण तेथे 'कोणता भाग ठीक आहे' हेच गृहीतक असते. तिची अडचणही स्पष्ट आहे: १० गृहीतकांचे १,०२४ संच होतात, तर २० गृहीतकांचे १०,४८,५७६.

एजीएम सिद्धान्त

दुसरा प्रवाह तत्त्वज्ञानातून आला. अर्जेंटिनाचे कार्लोस अल्चुरॉन हे विधिशास्त्राचे अभ्यासक. कायद्याच्या संहितेतून एखादा नियम रद्द केला, तर त्या नियमातून आणि इतर नियमांतून मिळून निघणाऱ्या परिणामांचे काय होते, हा त्यांचा मूळ प्रश्न. तर्कशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकिन्सन त्यात सहभागी झाले. स्वीडनचे पीटर यार्डनफोर्स स्वतंत्रपणे धारणाबदलाच्या प्रश्नाकडे वळले होते. या तिघांचा संयुक्त निबंध १९८५ मध्ये 'जर्नल ऑफ सिम्बॉलिक लॉजिक' या पत्रिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा सिद्धान्त एजीएम म्हणून रूढ झाला.

या सिद्धान्तात तीन क्रिया मानल्या आहेत. विस्तार म्हणजे विरोध नसलेले नवे विधान जोडणे. संकोच म्हणजे एखादे विधान सोडून देणे. पुनरीक्षण म्हणजे जुन्या धारणांना विरोधी असलेले नवे विधान स्वीकारून पुन्हा सुसंगती आणणे. अमेरिकन तत्त्वज्ञ आयझॅक लेव्ही यांच्या सूत्रानुसार पुनरीक्षण ही स्वतंत्र क्रिया नसून, आधी नव्या विधानाच्या नकाराचा संकोच व मग विस्तार, अशी तिची फोड करता येते. सिद्धान्ताचा गाभा 'किमान बदल' हा आहे: विसंगती दूर करण्यासाठी आवश्यक तेवढेच सोडावे, अधिक नाही.

किमान म्हणजे नेमके कोणते, हे मात्र केवळ तर्काने ठरत नाही. एखाद्या घराण्यातील हस्तलिखित १७ व्या शतकातील आहे असे सांगितले जाते. कागद बनविण्याचे यंत्र १७९९ मध्ये फ्रान्समध्ये निर्माण झाले, त्याआधीचा कागद हातकागदच असणार. म्हणून हे हस्तलिखित हातकागदावर असले पाहिजे. तपासणीत मात्र कागद यंत्रनिर्मित आढळला. आता कालनिर्णय, यंत्राचा इतिहास किंवा तपासणीचा अहवाल यांपैकी एक तरी सोडावेच लागेल, आणि तर्कशास्त्राच्या दृष्टीने तिन्ही पर्याय सारखेच निर्दोष आहेत. यावर उपाय म्हणून यार्डनफोर्स व मॅकिन्सन यांनी १९८८ मध्ये धारणांच्या 'दृढमूलते'ची कल्पना मांडली. जी धारणा सोडल्यास अधिक उलथापालथ होईल ती अधिक दृढमूल. सोडताना कमी दृढमूल धारणा आधी सोडावी. कौटुंबिक सांगीवर आधारलेला कालनिर्णय येथे प्रथम जाईल, हे उघड आहे.

सिद्धान्तावर झालेल्या टीकेपैकी एक टीका आजच्या संदर्भात सर्वाधिक महत्त्वाची वाटते. एजीएमच्या एका नियमानुसार नवे विधान नेहमीच स्वीकारले जाते. परंतु ताजी माहिती ती केवळ ताजी आहे म्हणून जुनीपेक्षा विश्वसनीय का मानावी? स्वेन ओवे हान्सन प्रभृतींनी नव्या विधानाला नकार देण्याची मुभा असलेल्या पुनरीक्षणाचा अभ्यास केला. शिवाय, एकामागून एक अनेक वेळा पुनरीक्षण करावयाचे असेल तर दृढमूलतेचा क्रमही प्रत्येक वेळी कसा बदलावा, याविषयी मूळ सिद्धान्त मौन बाळगतो. अदनान दार्विश व जुडिया पर्ल यांनी १९९७ मध्ये त्यासाठी अतिरिक्त नियम सुचविले.

जग बदलणे आणि समजूत बदलणे

हिरोफुमी कात्सुनो व अल्बेर्तो मेंडेलझॉन यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की धारणाबदलाचे दोन प्रकार मुळातच भिन्न आहेत आणि त्यांना एकच नियम लावता येत नाहीत. जग आहे तसेच असून आपली समजूत चुकली असेल तर ते पुनरीक्षण. समजूत बरोबर होती पण जग बदलले तर ते अद्ययावतीकरण.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणांनी हा भेद चांगला उमगतो. 'महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत' हे विधान ३१ जुलै २०१४ पर्यंत खरे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जिल्ह्यांची संख्या ३६ झाली. जुने विधान चुकीचे नव्हते. २०११ च्या जनगणनेविषयी बोलताना ३५ हीच संख्या योग्य, म्हणून ते कालमर्यादेसह जपून ठेवले पाहिजे. मात्र 'जव्हार ठाणे जिल्ह्यात आहे' यासारखी अवलंबून असलेली विधाने त्याच तारखेपासून बदलली पाहिजेत.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे उदाहरण याहून वेगळे आहे. बखरींच्या आधारे शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७, ही तिथी दीर्घकाळ प्रचलित होती. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी आढळली. इतर साधनांशी ती जुळल्याने बहुतेक इतिहासकारांनी आणि पुढे महाराष्ट्र शासनानेही तिचा स्वीकार केला. येथे जगात काहीही बदलले नाही; पुरावा बदलला. जुन्या विधानाला 'अमुक काळापर्यंत खरे' असा शेरा मारता येत नाही. त्यावर उभे असलेले निष्कर्षही दुरुस्त करावे लागतात: ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांचे वय ४७ नव्हे, तर ४४ वर्षे होते. जी प्रणाली जन्मवर्ष दुरुस्त करते आणि वय तसेच ठेवते, तिने पुनरीक्षण अर्धवट केले असे म्हणावे लागते.

संभाव्यतेचा मार्ग

वरील पद्धतींत विधान एकतर ग्राह्य असते किंवा नसते. दुसरी दृष्टी धारणेला तीव्रता देते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात तयार झालेल्या मायसिन या रक्तसंसर्गाचे निदान करणाऱ्या प्रणालीत प्रत्येक निष्कर्षाला -१ ते +१ या दरम्यानचा खात्रीचा गुणांक दिला जाई. पुढे, विशेषतः जुडिया पर्ल यांच्या १९८८ मधील ग्रंथानंतर, थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संभाव्यतेच्या नियमावर आधारलेली पद्धत सर्वमान्य झाली.

समजा, यंत्रमानवाला दार उघडे असण्याची शक्यता ०.५ वाटते. त्याचा संवेदक दार उघडे असल्यास १० पैकी ८ वेळा, आणि बंद असल्यास १० पैकी २ वेळा 'उघडे' असे सांगतो. 'उघडे' असे एक वाचन आल्यावर शक्यता ०.८ होते, तसेच दुसरे स्वतंत्र वाचन आल्यावर सुमारे ०.९४; तिसरे वाचन 'बंद' असे आल्यास ती पुन्हा ०.८ वर येते. काहीही पुसावे लागत नाही, काहीही नाट्यमय घडत नाही. मात्र दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, कोणत्याही शक्य गोष्टीला आरंभी शून्य संभाव्यता देऊ नये, कारण शून्याला कितीही पुराव्याने गुणले तरी शून्यच राहते. दुसरी, एकच पुरावा दोनदा मोजू नये.

रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेली आणि अपोलो चांद्रमोहिमांच्या दिशादर्शनात वापरली गेलेली गाळणपद्धती याच कुळातील आहे. तिच्यात एक उपयुक्त विचार आहे: नवे मोजमाप आले नाही तर धारणेतील अनिश्चितता काळाबरोबर आपोआप वाढत जाते.

कारणे लक्षात ठेवावीत का?

अमेरिकन तत्त्वज्ञ गिल्बर्ट हार्मन यांनी १९८६ मधील ग्रंथात समर्थने जपण्याच्या कल्पनेलाच आव्हान दिले. माणूस आपल्या बहुसंख्य धारणांची मूळ कारणे विसरलेला असतो, आणि मर्यादित स्मृती असलेल्याने ती विसरणेच योग्य, असे त्यांचे म्हणणे होते. कारणांची नोंद ठेवणारा आधारवाद आणि केवळ एकूण सुसंगती पाहणारा सुसंगतिवाद, असा हा वाद आहे. हार्मन यांचा मुद्दा माणसापुरता मान्य केला, तरी विसरण्याची किंमतही मोजावी लागते. ली रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७५ मधील प्रयोगात, सहभागींना दिलेले गुण बनावट होते हे नंतर उघड सांगूनही त्यांचे स्वतःच्या क्षमतेविषयीचे मत पूर्णपणे बदलले नाही. आधार गेला, धारणा उरली.

भाषा-प्रतिमानांवर आधारित एजंट

मोठ्या भाषा-प्रतिमानाच्या एजंटाकडे माहिती तीन ठिकाणी असते. पहिले ठिकाण प्रशिक्षणात निश्चित झालेले भारांक. प्रशिक्षणानंतरचे जग त्यांत नसते. दुसरे, चालू संवादाचा मजकूर, ज्याला लांबीची मर्यादा आहे. तिसरे, बाहेर साठविलेल्या टिपा, ज्या गरजेनुसार शोधून संवादात आणल्या जातात. स्टॅनफर्ड व गूगल येथील संशोधकांनी २०२३ मध्ये २५ काल्पनिक पात्रांचे एक गाव संगणकावर वसविले. प्रत्येक पात्राच्या आठवणींची क्रमवार नोंद होई, आणि ताजेपणा, महत्त्व व प्रसंगाशी संबंध या तीन निकषांवर आठवणी निवडल्या जात. महत्त्व १ ते १० या श्रेणीत प्रतिमान स्वतःच ठरवी. अनेक आठवणींवरून पात्रे व्यापक निष्कर्षही काढीत, आणि ज्या आठवणींवरून तो काढला त्यांचा निर्देश सोबत असे. डॉइल यांच्या समर्थनांशी याचे साम्य सहज लक्षात येते. फरक एवढाच, की मूळ आठवण खोटी ठरल्यास निष्कर्ष आपोआप मागे घेण्याची यंत्रणा या रचनेचा भाग नव्हती. त्याच वर्षी बर्कली येथील संशोधकांनी मांडलेल्या मेमजीपीटी या रचनेत प्रतिमान स्वतःच आपल्या टिपा लिहिते, बदलते व बाहेरच्या साठ्यात पाठविते.

टिपा संक्षिप्त करताना सर्वप्रथम हरवते ती अनिश्चितता. मराठीत 'पाऊस पडला', 'पडला असावा', 'पडला असेल' आणि 'पडला म्हणे' या चार रूपांतून बोलणाऱ्याची खात्री आणि माहितीचा स्रोत क्रियापदातच व्यक्त होतो. सारांशात ही चारही रूपे बहुधा 'पडला' एवढीच उरतात. परिणाम गंभीर असू शकतो. समजा, एका रुग्णाने सांगितले, "लहानपणी पेनिसिलिनने अंगावर पुरळ आले होते, असे आई म्हणायची." पहिल्या टिपेत 'ॲलर्जी असावी' असे लिहिले गेले, दुसऱ्या सारांशात 'ॲलर्जी आहे' असे. पुढे डॉक्टरांनी तपासणी करून ॲलर्जी नसल्याचे ठरविले, पण ती नोंद वेगळ्या टिपेत गेली. शोधात जुनी टीप आधी सापडली, तर योग्य औषध विनाकारण नाकारले जाईल. उलट 'असावी' हे अनिश्चित म्हणून गाळूनच टाकले असते, आणि ॲलर्जी खरी असती, तर धोका जिवावर बेतणारा.

दुसरा दोष पुरावा दोनदा मोजण्याचा. एजंट स्वतःची जुनी टीप वाचतो आणि तिला स्वतंत्र साक्षीदार समजतो. दाराच्या उदाहरणात, पहिल्या वाचनाची टीप पुन्हा वाचून शक्यता ०.८ वरून ०.९४ वर नेण्यासारखेच हे आहे. टिपेसोबत मूळ स्रोत नोंदविलेला नसेल तर ही चूक ओळखताच येत नाही. येथे हार्मन यांचा युक्तिवाद लंगडा पडतो: संगणकाला साठवणीची टंचाई माणसासारखी नाही.

तिसरा दोष अतिनम्रतेचा. वापरकर्त्याने नुसती नापसंती दाखविल्यावर, कोणताही नवा पुरावा नसताना, प्रतिमाने बरोबर उत्तर सोडून देतात असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. नवे विधान नेहमी स्वीकारावे हा एजीएमचा नियम येथे जणू अक्षरशः पाळला जातो. एजंट वाचत असलेल्या मजकुरात कोणी हेतुपुरस्सर खोट्या सूचना पेरल्यास त्या टिपांत शिरून पुढील संवादांतही टिकून राहू शकतात. म्हणून कोणी सांगितले, केव्हा सांगितले, आणि ते कोणत्या टिपेला बाधित करते, या तीन गोष्टी प्रत्येक टिपेसोबत ठेवाव्यात अशी रचना आता अधिकाधिक प्रमाणात केली जाते. बाधित टीप पुसण्याऐवजी तशी खूण करून ठेवण्याचा लाभ असा, की उद्या नवी टीपच चुकीची ठरल्यास जुनी परत आणता येते.

भारांकांतील धारणा बदलणे सर्वांत कठीण आहे. २०२२ मध्ये केव्हिन मेंग व सहकाऱ्यांनी प्रतिमानातील एकेक तथ्य शोधून बदलण्याची पद्धत मांडली. आयफेल मनोरा रोममध्ये असल्याचे प्रतिमानाकडून वदविणे हे तिचे गाजलेले प्रात्यक्षिक. पण अशा बदलानंतर संबंधित तथ्ये नेहमीच सुसंगतपणे बदलत नाहीत, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. मनोरा हलतो, पण त्याच्या शेजारी काय आहे याविषयीची उत्तरे जागच्या जागी राहतात. भारांकांत समर्थनांची नोंद नसते, आणि जन्मवर्ष दुरुस्त करूनही वय तसेच ठेवण्याची चूक येथे रचनेतूनच उद्भवते.